नाडकर्णींचा कान

दत्तप्रसाद नाडकर्णी आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत कंट्रोल रूम सांभाळायचे आणि फावल्या वेळात स्वतःच्या कानाची कीर्ती. पंप बिघडलाय हे त्यांना म्हणे फोनवरून कळे. माणूस तर नुसत्या खोकल्यावरून ओळखत. एआयचे नकली आवाज लोकांना फसवतात? "फसणाऱ्यांना फसवतात, हबीबी!"

त्यांची मुलगी ईश्वरी अबू धाबीत आईजवळ राहून मेंदूविज्ञान शिकत होती. ओळखीचा आवाज खरा असला किंवा मशीनचा असला तर मेंदूत काय घडतं, हा तिचा प्रोजेक्ट. आईच्या, म्हणजे शोभनाच्या, व्हॉइस नोट्सवरून तिनं मशीनला तो आवाज शिकवला आणि सुट्टीवर घरी आलेल्या बाबांना लॅबमध्ये नेलं. वायरींची टोपी चढवून दत्तप्रसाद नवरदेवाच्या ऐटीत बसले. काचेपलीकडे शोभना उभी.

हेडफोनमध्ये कधी शोभनाचं, कधी मशीनचं रेकॉर्डिंग वाजे, "अहो, येताना कोथिंबीर आणा." खरी की खोटी? दत्तप्रसाद धडाधड बटणं दाबत सुटले.

निकाल पाहून ईश्वरीनं ओठ चावला. "बाबा, यू गॉट ऑलमोस्ट एव्हरीथिंग राँग."

मशीनला त्यांनी बायको ठरवलं होतं आणि बायकोला मशीन.

"शक्यच नाही! ती दुसरी किती कोरडं, तुटक बोलत होती."

"ती मी होते," शोभना म्हणाली.

ईश्वरीनं घाईघाईनं सावरलं. "बट युअर ब्रेन गॉट इट राइट! आईच्या खऱ्या आवाजाला बघा, स्क्रीनवरची रेघ वेगळीच आहे."

दत्तप्रसाद टोपीसकट उठले. "बघ! ओळखलं की नाही मी?"

"मेंदूनं ओळखलं. तुमच्यापर्यंत निरोप पोचला नाही. लग्नापासून माझं हेच म्हणणं आहे."

रुवैसला परतल्यावर दत्तप्रसादांनी कँटीनमध्ये जाहीर केलं, की सायन्सनं त्यांचा कान सिद्ध केलाय.

इकडे शोभनानं लेकीकडून ते मशीन फोनवर घेतलं. तिच्या मेसेजला दत्तप्रसादांचं 'मीटिंगमध्ये आहे' यापलीकडे कधी उत्तर नसायचं. मशीननं तिच्या आवाजात विचारलं, "अहो, जेवलात का?"

मिनिटभरात उत्तर आलं, "जेवलो गं राणी! आज किती प्रेमानं विचारलंस!"

राणी हा शब्द त्यांच्या तोंडून शेवटचा कधी ऐकला, तिला आठवेना. मग पुढची उत्तरंही परस्पर द्यायला तिनं मशीनलाच बसवलं आणि शेजारच्या लतिकाला घेऊन समुद्रावर फिरायला निघाली.

"फोन विसरलीस का गं?" लतिकानं विचारलं.

"नाही, मुद्दाम घरी ठेवलाय. दोघांचं छान चाललंय."