टँकर आला की शिवू बसतो

फिजिओथेरपीच्या फाईलमध्ये 'प्रगती' नावाचा एक रकाना असतो. त्यात जेमतेम दोन ओळी मावतात. उरलेलं सगळं मी संध्याकाळी घरी नेत असे आणि चहा घेताना नवऱ्याला सांगत असे. हसताना त्यांचा चहा बशीत सांडायचा. आता चहा एकटीपुरता होतो, पण किस्से काही यायचे थांबत नाहीत. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावेत.

लातूरच्या आमच्या खोलीत येणारी बहुतेक बाळं सेरेब्रल पाल्सीची. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झालेली. कुणाचं अंग ताठ, कुणाचं अगदी सैल. आपण दमलो की बसतो. ही बाळं बसायला शिकताना दमतात. खोलीत मी आणि हमीदचाचा. चाचा मूळचे सुतार. पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार देणाऱ्या छोट्या खुर्च्या तेच बनवतात.

आयांना व्यायाम दाखवायला माझ्याकडे एक कापडी बाहुली आहे. औशाचे एक आजोबा तीन महिने नातवाला घेऊन येत होते आणि कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होते. एक दिवस जवळ आले आणि हळूच म्हणाले, "म्याडम, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या पोरानं मान तरी धरली. तुमच्या हिला कायबी फरक न्हाई!"

त्याआधी मी नांदेडला होते. तिथे देगलूरची एक चिमुरडी यायची. 'बस', 'इकडे बघ', कशालाच दाद नाही. तिला आणणारा काका आमच्याशी छान मराठी बोलायचा, त्यामुळे माझ्या काही डोक्यात आलं नाही. मी फाईलमध्ये लिहून टाकलं : 'सूचना समजत नाहीत.'

चौथ्या आठवड्यात काकाबरोबर आजीही आली. तिने तेलुगूत 'कूर्चो' म्हटलं, आणि मुलीने दोन्ही हात टेकून बसायची धडपड सुरू केली!

आजीने काकाकडून मला विचारून घेतलं, "हिला येतंय. तुम्हाला शिकायला किती दिवस लागतील?"

आता शिवू. शिरूर अनंतपाळचा, दोन वर्षांचा, पाठीवर वेणी. त्याच्या गंगाबाई आजीने ठरवलेलं, "पाटावर आपला आपण बसंल, तवाच जावळ काढायचं." निलंग्याचा मामा दोनदा नवे कपडे घेऊन आला आणि तसाच परत गेला. त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेने येत होतं. शिवूची आई रेणुका ती वेणी कोरडीच विंचरायची आणि डोळे पुसायची. तिला वेणी नको होती, पण सासूपुढे बोलणार कोण?

एसटीत कंडक्टर म्हणाला, "पोरगी लई गोड हाय, आज्जी."

आजी म्हणाली, "बसू द्या, मग पोरगं व्हतंय!"

उदगीर जिल्हा होणार, अशी तेव्हा सारखी हवा उठायची. तिथल्या एका बापाने तेवढ्यावर मुलाला आणणं बंद केलं. फोनवर म्हणाला, "जिल्हा झाला की तुमच्यासारखी खोली इथंच व्हणार की!" चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला. "देखो भाई, जिल्हा कधीबी होईल. पोराची पाठ तोवर थांबती का? उद्याच्या गाडीनं या!"

दुसऱ्या दिवशी तो आला. पोराला माझ्या मांडीवर देत त्याने आधी विचारलं, "जिल्ह्याचं इथं काय कळलं का?"

त्या उन्हाळ्यात रेणुका मला म्हणाली, "म्याडम, शिवू आठवड्यातनं दोन दिवस बसतोय."

"दोनच दिवस? कुठले?"

"टँकर येतोय ते."

माझ्या कुठल्याच पुस्तकात असं लक्षण नव्हतं. मी आणि चाचा थेट तिच्या घरी गेलो. चाचांनी शिवूसाठी बनवलेल्या खुर्चीत देव बसवले होते, हळदकुंकू वाहून!

"पोरगं मुतून घाण करतंय," आजी म्हणाली. "एवढी चांगली वस्तू. देवाला बरी."

आणि शिवू? तो दोन भरलेल्या घागरींच्या मधे, गोधडीवर. पाणी वापरात गेलं की घागरी हलक्या होत, सरकत, आणि शिवू कलंडे. पुढचा टँकर येईपर्यंत उपचार बंद!

मधे मी काही दिवस रजेवर होते. नवऱ्याचं दिवसकार्य उरकून कामावर परतले, तर आजीने माझ्या स्टुलाच्या एका बाजूला बैठक मारली आणि चाचांना दुसऱ्या बाजूला बसवलं. दिवसभर दोघं हलले नाहीत. मी म्हटलं, "आजी, मला काम करू द्या."

"करा की. पर सुरवातीला दोन्हीकडनं आधार लागतोय. तुम्हीच सांगितलंय."

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा शिरूरला गेलो. देव खुर्चीतच होते, शिवू घागरींमधेच होता. मी त्याच्यासमोर खुळखुळा धरला, तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. रेणुका बादली घेऊन पळाली. चाचा कॅन घेऊन पळाले. आजीने उरलंसुरलं पाणी पातेल्यात ओतलं आणि एक घागर उचलली. "बघताय काय म्याडम, दुसरी घ्या!"

मी घेतली. घेतली आणि पळाले!

रांगेत ढकलाढकल करून घागर भरली, आणि मग एकदम आठवलं, शिवू! आजीलाही त्याच क्षणी आठवलं असावं. आम्ही पाणी सांडत, धापा टाकत परत फिरलो. रेणुका आमच्या पुढे दारात पोचली होती. तिने तोंडावर हात ठेवला होता.

गोधडीवर शिवू बसला होता. हात पुढे टेकलेले, पाठ थरथरत होती, वेणी खांद्यावरून पुढे आलेली. नजर दाराकडे.

रेणुकाच्या तोंडून हाक निघणारच होती. आजीने कमरेवरची भरली घागर खाली न ठेवताच तिचा दंड धरला.

"गप! घागरी नेल्याचं त्याला अजून कळलं न्हाई."