न लवणारा दांडा

माझ्या चुलत भावाचं उजवं मनगट मी मोडलं, तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. भांडण बांधाचं होतं. वाटणीत आजोबांच्या शेताच्या दोन लांबट पट्ट्या झाल्या होत्या, एक आमची, एक काकाची. मधला बांध दर नांगरटीला आमच्या बाजूला सरकतो असं माझे वडील म्हणायचे. काका म्हणायचा, तुम्हीच कोरता. मी अमळनेरहून एस.टी.नं सुट्टीला आलो होतो. पिशवी ओट्यावर टाकली आणि शेताकडून ओरडा ऐकला. जाऊन पाहतो तर वडील खाली पडलेले, कानामागून रक्त येतंय, आणि भाऊ काठी उगारून त्यांच्यावर उभा. खोपीच्या दाराआड एक दांडा असायचा. तो उचलला आणि दोन्ही हातांनी फिरवला. हाड मोडलं ते मला ऐकू येण्याआधी तळहातात कळलं.

त्या दांड्याबद्दल सांगायला पाहिजे. चोपड्याच्या बाजारात धावड्याच्या लाकडाचे दांडे विकायला यायचे. वडील एकेक हातात घ्यायचे, एक टोक जमिनीला रोवायचे, मध्यावर गुडघा लावून अंगाचं सगळं वजन टाकायचे. लवून परत सरळ झाला तर तो कुऱ्हाडीचा. लवलाच नाही तर त्याला पातं बसवायचं नाही, दाराआड उभा करायचा. "हाऊ झाडना नही, मानूसना शे," असं म्हणायचे. हसत नसायचे.

पोलिसांत तक्रार गेली. काकानं तिच्यात माझ्या वडिलांचं नाव घातलं, माझं घातलं नाही. "पोऱ्या शिकी ऱ्हायना, त्यानं नाव नका टाकू," असं तो फौजदाराला म्हणाला, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला पहिला माणूस मी. हे मी कुठंही छाती पुढं काढून सांगतो. पण सांगताना ते मनगटही डोळ्यांपुढं येतं, हेही खरं आहे.

त्या दिवसापासून दोन्ही घरांनी एक गोष्ट पाळली. बांध कुणी ओलांडायचा नाही. शेळी पलीकडे गेली तर ती गेली. विळा पलीकडे पडला तर नवा आणायचा. वडील वारले, काका वारला, पण हे चालूच राहिलं. भावाचं हाड वाकडं जुळलं. तो डाव्या हातानं कुऱ्हाड चालवायला शिकला.

मी जळगावात एका पाइपच्या कारखान्यात माल तपासण्याच्या विभागाचा प्रमुख झालो. कोणता पाइप किती वाकल्यावर फुटतो हे पाहणं हे माझं रोजचं काम. आमचे मालक परदेशी गिऱ्हाइकांना नाशिकला गोल्फ खेळायला नेतात. दोन वर्षं मी त्यांच्या मागं नुसता चालत होतो. एकदा मालक म्हणाले, "तुम्ही मारून बघा की." मी मारला. चेंडू वाकडा गेला, पण इतका लांब गेला की सगळे गप्प झाले.

"शेतकऱ्याचे हात आहेत," मालक म्हणाले. बाकीचे हसले. ते हसू कसलं ते ओळखायला मला पदवी लागत नव्हती. पुढच्या खेपेला ह्यांच्या डोक्यावरून सरळ मारून दाखवीन, असं मी तिथंच ठरवलं.

गोल्फमध्ये सगळ्यात लांब मारायची जी काठी असते तिला ड्रायव्हर म्हणतात. तिचं डोकं मुठीएवढं, धातूचं. पण खरा खेळ मधल्या दांड्याचा. दांडा किती लवतो आणि कुठं लवतो, त्यावर चेंडू किती उंच उडेल आणि सरळ जाईल की नाही हे ठरतं. नाशिकच्या दुकानदारानं माझ्यापुढं तीन ठेवले: मऊ, कडक आणि फार कडक. प्रत्येकावर त्याचं इंग्रजी अक्षर छापलेलं होतं. मी काय केलं? पहिला उचलला, टोक फरशीला लावलं आणि मध्यावर गुडघा टेकवला.

"साहेब! मोडेल तो!" दुकानदार गल्ल्यावरून उठून धावला.

"मोडला तर माझा," मी म्हणालो. तिन्ही दांडे तसेच पाहिले. जो लवला नाही तो घेतला. मऊ दांडा म्हाताऱ्यांचा असतो, असं मी त्यालाच वर ऐकवलं.

त्या वर्षी आमची पट्टी पडीक होती. केळी काढून झाली होती, नवीन लावायला माणूस नव्हता. रविवारी मी गाडी घेऊन जायचो आणि खोपीजवळ उभा राहून ओढ्याच्या दिशेनं मारायचो. उलट्या दिशेला गावाचा रस्ता होता, तिकडून एस.टी. जायची. ओढ्याकडे तोंड केलं की उजव्या हाताला बांध, आणि बांधापलीकडे भावाची कपाशी.

आणि चेंडू उजवीकडेच जायचे. जोर वाढवला तर जास्तच उजवीकडे. जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून शीळ घालत जायचे आणि शेवटी वळून बांधापार. आणायला जाता येत नव्हतं. मी पिशवीतून दुसरा काढायचो. माझ्या मारण्यात राग होता हे मी नाकारत नाही. गोल्फच्या मैदानावरचं हसू होतं, वडिलांच्या कानामागचं रक्त होतं, आणि आणखी बरंच काही होतं. चार रविवार मी तसाच मारत राहिलो. समोर कपाशी फुटली होती, वेचणी चालू होती, बायका वाकलेल्या मला दिसत होत्या. तरी मारत राहिलो.

चौथ्या रविवारी एक चेंडू वहिनीला, भावाच्या बायकोला, लागला. ती कमरेला ओटी बांधून वाकली होती. चेंडू पाठीत बसला, ओल्या गोणीवर काठी बसावी तसा आवाज आला. ती तोंडावर पडली. आधी काहीच आवाज केला नाही. मग जो केला तो अजून माझ्या कानात आहे.

मी पळालो. बांधापाशी पाय थांबले. बाई पलीकडे मातीत तोंड घालून कण्हते आहे आणि मी बांधाच्या अलीकडे हातात ड्रायव्हर घेऊन उभा. एवढा शिकलेला माणूस, पण पाऊल उचललं नाही.

भाऊ पळत आला. बाभळीच्या फांद्या तोडत होता, डाव्या हातात कुऱ्हाड तशीच होती. तोही बांधापाशीच थांबला. आमच्या दोघांत एवढंसं अंतर.

"वहिनी कशी आहे?" मी विचारलं.

"तू इचारू नको." त्याच्या ओठांना फेस आला होता. "मांगला टायमाले जवळ यीसन मारं व्हतं. आते शिकेल मानूस. दूरथून मारस."

"भाऊ, चुकून लागला. शपथ घेतो."

"चुकून? कालपावतर तीस चेंडू घर जमा करेल शेतस मी. तीस बी चुकून?"

मी काही बोलायच्या आत कुऱ्हाड आली. मी ड्रायव्हर आडवा धरला. माझा तो न लवणारा दांडा दोन तुकडे होऊन उडाला आणि त्याच्या कार्बनची काळी कुसळं माझ्या तळहातात घुसली. पातं माझ्या बुटाशेजारी बांधात रुतलं. त्याचा पाय मात्र त्याच्याच बाजूला होता.

त्यानं कुऱ्हाड उपटली. "आखो एक चेंडू आठे उना, ते मी बांध वलांडसू," तो म्हणाला. "मंग तुनं डिग्रीनं कागद छातीले बांधी ठेव."

वहिनीच्या बरगडीला चीर गेली होती, हे मला गावातून कळलं. पैसे पाठवले ते परत आले. खेळ सोडून द्यावा हे मनात आलं नाही असं नाही. आलं. पण माझ्या शेतात मी काय करायचं ते कुऱ्हाड ठरवणार, हे गळ्याखाली उतरेना. आणि सोडून दिला असता तर त्याच्या हिशेबी मी दुसऱ्यांदा मारून पळालेला ठरलो असतो.

धुळ्याला देवपुरात लष्करातले एक निवृत्त हवालदार राहतात. छावणीच्या गोल्फ मैदानावर त्यांनी अर्धी नोकरी काठ्या दुरुस्त करण्यात काढली. अंगणात क्रिकेटची जाळी, पडवीत दांड्यांचा भारा. सगळे त्यांना नाना म्हणतात. मी तुटलेले तुकडे त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी तुटलेलं टोक बोटानं चाचपलं.

"हाऊ जमीनवर आपटीसन नही मोडना," ते म्हणाले. "कुऱ्हाड शे."

"हो."

"कोनवर मारं व्हतं?"

मी सगळं सांगितलं. मनगटापासून. मग नानांनी एक काठी माझ्या हातात दिली, डोक्याच्या तोंडावर खडूची पूड चोळली आणि जाळीत मारायला लावलं. चेंडूची खूण पाहायची, पुसायची, परत पूड, परत मार. बाजूला एक लहान खोकं ठेवलं होतं, ते वेग दाखवायचं. वीसेक चेंडूंनंतर माझा सदरा भिजला.

"तुले काय वाटस, तुना वेग किती?"

"भरपूर असणार."

"नही शे." त्यांनी खोकं माझ्याकडे वळवलं. "जोर शे, वेग नही. तू वरथूनच सगळा जोर टाकी देस, जशी कुऱ्हाड. खाले येवापावतर काहीच उरत नही. कडक दांड्याले लववाले वेग लागस. लवना नही म्हनजे काठीनं तोंड चेंडूमांगे सरळ येत नही, उघडंच ऱ्हास. मंग चेंडू कोठे जाई?"

"उजवीकडे."

"तुनी वहिनीना आंगवर," नाना म्हणाले. ते मला सोडणाऱ्यातले नव्हते.

मी रोज पाइप वाकवून पाहणारा माणूस. आधार कुठं, वजन किती, वेग किती, हे नोंदल्याशिवाय मी एका नळीवर सही करत नाही. आणि इथं मी गुडघ्यानं निकाल लावला होता. नानांनी एकामागून एक दांडे बदलून दिले. एक टोकाशी फार लवणारा होता, त्यानं चेंडू ढगात जायचा आणि डावीकडे घसरायचा. एक जड होता, त्यानं उंची मिळेना. शेवटी एक मऊ, हलका, मधल्या भागात लवणारा निघाला. मला नको होता. त्यावरचं अक्षर तेच, ज्याला मी दुकानात म्हाताऱ्यांचं म्हणालो होतो.

"साठ टक्के जोरमा मार," नाना म्हणाले.

खडूची खूण पाच वेळा मधोमध आली.

"आते हाऊ जठे पाठावशी तठे जाई," त्यांनी दांडा बसवता बसवता सांगितलं. "कोठे पाठावना ते तू देख."

पुढच्या रविवारी मी शेतात गेलो तेव्हा भाऊ बांधाला लागून बसला होता, कुऱ्हाड मांडीवर. वहिनी त्यांच्या बाजूच्या निंबाखाली, बरगड्यांना पट्टा बांधलेला. मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दांडा बदलला. आता येणार नाही."

"कसावरथून?"

"मारून दाखवतो."

त्यानं कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा फिरवला. "मार. मी आठेच शे."

पहिला चेंडू उंच गेला, आमच्या पट्टीच्या मधोमध, आणि ओढ्याअलीकडे पडला. दुसरा तसाच. पाच मारले, पाचही आमच्याच जमिनीत. इतके सरळ मी जन्मात मारले नव्हते. मला वाटलं, संपलं. मी वळलो तर भाऊ उभा राहिला होता.

"चांगला दांडा शे," तो म्हणाला. "आते मी मारस. तू कपाशीमा जाईसन वाक. ती जठे व्हती तठे."

तो थट्टा करत नव्हता.

"दहा चेंडू," तो म्हणाला. "नही ते पोलीस टेसन. यंदा नाव मी सांगसू."

त्यानं कुऱ्हाड निंबाला टेकवली आणि बांध ओलांडून आमच्या बाजूला आला. बुटक्या गवतातून नुसता चालत आला, जणू रोज येतो. मी ड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि बांध ओलांडून त्याच्या पट्टीत गेलो. कपाशीची बोंडं पँटीला घासत होती. शंभरेक पावलं आत जाऊन उभा राहिलो. निंबाखालून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, कंबरमा वाका. मी अशी नही व्हतू, आखो खाले."

मी वाकलो. समोर माती आणि माझे बूट. लहानपणी विटीदांडूत त्याचा टोला सगळ्या आळीत लांब जायचा. ते मनगट शाबूत असतानाचं. पहिला चेंडू जमिनीवरून घरंगळत गेला असावा, झाडं सळसळली. दुसरा, तिसरा चुकला, त्याच्या शिव्या ऐकू आल्या. चौथ्याला माराचा आवाज बदलला. दांडा त्याच्या हातात बसत चालला होता, हे मला वाकल्या वाकल्या कळत होतं. पाचवा डोक्यावरून शीळ घालत गेला. सहावा कानाशेजारून, एक बोंड तोडून. मी डोळे मिटले नाहीत, पण दात इतके आवळले होते की जबडा दुखत होता.

सातवा बरगडीत बसला. श्वास गेला तो परत येईना. गुडघे टेकले, हात टेकले, तोंडात माती आली. कुणीतरी कण्हतंय असं वाटलं, तो मीच होतो.

मग त्याचा आवाज आला, लांबून, धापा टाकत.

"तीन ऱ्हायनात."

मी उठलो आणि परत वाकलो.