व्हिएन्नाच्या नळाची धार

मुलांनो, व्हिएन्नाचं नाव निघालं की मला आमच्या युरोपच्या सहलीतली तलमडुगू गावाकडची एक बाई आठवते आणि अजून राग येतो. तिचा नवरा बाहेरचं अन्न शिवत नसे. म्हणून प्रत्येक शहरात आम्ही फिरायचो आणि ती हॉटेलच्या खोलीत विजेच्या कुकरवर खिचडी शिजवायची. पदराला हात पुसत दाराशी येऊन म्हणायची, "या पाहून."

शेवटच्या दिवशी व्हिएन्नात मी विचारलं, "कसा वाटला युरोप?"

"ताई, इथल्या नळाले धार चांगली हाये. पॅरिसात भांडे घासाले लय वेळ लागे."

माझं डोकंच फिरलं. खाली बसमध्ये तिचा नवरा खिडकीशी बसला होता.

"आज तरी तिला राजवाडा पाहायला आणा," मी म्हटलं.

"तिले काय समजते राजवाड्यातलं?"

"तुम्हाला काय समजलं आतापर्यंत?"

सगळी बस हसली. तोही हसला, पण उठला नाही. मी वर जाऊन तिचा हात धरला. दारापर्यंत आली आणि तिनं हात सोडवून घेतला. "ते उपाशी राह्यतीन, ताई."

राजवाड्यासमोर त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "एक फोटो काढा ना. बायकोले दाखवतो."

मी मोबाइल घेतला नाही.