पलूस ते मेढा : वाळवणाच्या पेट्यांची शेवटची तपासणी

सोमवारी सकाळी सहाला कुपवाडच्या वर्कशॉपमधून छोटा टेम्पो बाहेर काढला तेव्हा बायको दारात उभी होती. म्हणाली, "सहलीला निघालाय का भाड्याला?" मी म्हटलं, "दोन्ही." खरं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं.

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझा धंदा ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगतो. वेल्डिंगच्या दुकानात झाडू मारण्यापासून सुरुवात केली, आता स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. तीन वर्षांपूर्वी एका विद्यापीठानं संशोधनासाठी माझ्याकडून दहा पेट्या करून घेतल्या. वर काच, आत जाळीची ताटं, माथ्यावर हातभर सोलर पॅनेल आणि त्यावर चालणारा छोटा पंखा. उन्हानं आतली हवा तापते, पंखा ती ओढून बाहेर टाकतो, माल धूळ-माशी न लागता वाळतो. आवळा, हळद, आलं, काहीही. सातारा-सांगलीच्या खेड्यांत त्या वाटल्या. गावोगावच्या बायका त्यांना 'काचंची पेटी' म्हणतात.

आता प्रकल्पाचा पहिला टप्पा संपत आला होता. शेवटच्या फेरीत प्रत्येक पेटी चालू की बंद हे बघायचं, आणि बंद असेल ती परत आणायची, असं पत्र आलं. टेम्पो माझा, म्हणून बोलावणं मला. सात पेट्या विद्यापीठाच्या प्राजक्ता मॅडमनी आधीच बघितल्या होत्या. उरल्या तीन : पलूस, उंब्रज आणि मेढ्याच्या पुढची एक.

या तिसरीसाठीच माझा जीव टांगणीला होता. ती पेटी सुनंदाताईंची. नवरा मुंबईला भाजी मार्केटात, घरी सासू आणि त्या. रस्त्याकडेला टपरी टाकून वाळवलेला आवळा, फणसाचे गरे विकायच्या. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचा मला दोनदा फोन आला होता. "दादा, पंखा फिरंना. मालक म्हणत्यात, सोड समदं आन् मुंबईला ये. पंखा फिरला तर मी हितं ऱ्हाते." नवा पंखा माझ्या कपाटात पडून होता. पण करारात होतं, पत्राशिवाय पेटीला हात लावायचा नाही. मी विद्यापीठाला कळवलं आणि पत्राची वाट बघत बसलो. पत्र आलं ते हे, तपासणीचं. निघताना तो पंखा मी हत्यारांच्या डब्यात टाकला.

सांगलीच्या स्टँडवरून प्राजक्ता मॅडमना घेतलं. वय सव्वीस-सत्तावीस, कंत्राटी नोकरी, मांडीवर फॉर्मची फाईल. तासगाववरून पलूस. या दिवसांत तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा. नऊनंतर उसाच्या ट्रॉल्या रस्ता सोडत नाहीत, आणि एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या असतात. वाटेत हळद शिजवण्याच्या कढया पेटल्या होत्या, त्या वाफेचा उग्र, मातकट वास काच लावली तरी आत येतो. पलूसच्या अलीकडं एका गाड्यावर कांदाभजी आणि चहा घेतला, दोघांचं पोट पन्नास रुपयांत भरलं. भज्यात ओवा सढळ हातानं.

पलूसच्या बचत गटाच्या अध्यक्ष शालनताई. पेटी धुऊनपुसून अंगणात मधोमध, तिला हळदीकुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार. सातआठ बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या.

"या की पाव्हणं! बसा, च्या टाकलाय."

मॅडमनी फाईल उघडली. "ताई, पेटी वापरता ना?"

"व्हय की. रोज!"

ताटात हळकुंडं मांडलेली होती. मी पेटीला वळसा घातला. बिजागरीवरचा माझा रंग कुठं तडकलेलाही नव्हता. रोज उघडणाऱ्या दाराचा रंग पहिल्या महिन्यात जातो. पंख्याच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. मागं दोघी कुजबुजत होत्या, माझे कान या बाबतीत बेरकी आहेत.

"वरच्या ताटात ठिवली न्हवं?"

"ठिवली. काल उकडलेली हाय, वली हाय अजून. हात लावू दिऊ नगं."

मॅडमनी 'चालू'वर खूण केली. चहा झाला, त्या शेजारच्या घरी पाणी प्यायला गेल्या, तसं मी शालनताईंना हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा."

त्या हसल्या, जरा ओशाळल्या. "आवं, हळद म्हंजे पोत्यानं असती, हितं दोन ताटं! अंगणातच वाळती. पन लेकरू एवढ्या लांबनं आलंय, त्येच्या तोंडावर न्हाई म्हनायचं व्हय? तिची नोकरी ग्येली म्हंजे?"

बायकांनी आपसांत ठरवलं होतं की बंद म्हटलं तर पोरीवर बालंट येईल. दर फेरीला पेटी धुवायची, हार घालायचा, हो म्हणायचं. पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, एवढाच त्यातला हिशेब.

टेम्पोत बसल्यावर मॅडमनी फाईल मिटली. कुंडल मागं पडल्यावर म्हणाल्या, "काका, मला माहितीये."

"काय?"

"हळद ओली होती ते. पण फॉर्मवर दोनच रकाने आहेत. चालू आणि बंद. त्या म्हणतात चालू, पेटीला हार. मी काय लिहू?"

"खाली दोन ओळी लिहायच्या."

"पहिल्या वर्षी लिहिल्या. प्रकल्पाचे सर म्हणाले, ओळी मोजता येत नाहीत."

कराडला जेवलो. स्टँडमागच्या खानावळीत आख्खा मसूर आणि भाकरी, तिथं आख्खा मसूर हा पदार्थ नाही, पंथ आहे. पुढं हायवेनं उंब्रज अर्ध्या तासावर. तिथली पेटी इस्माईलभाईंकडं. आल्याचे व्यापारी, पांढरी टोपी, जीभ करवतीसारखी. सुंठ करायला म्हणून पेटी दिलेली. व्हरांड्यात होती, अंगावर भरतकामाचा टेबलक्लॉथ आणि वर टीव्ही.

मॅडमनी विचारायच्या आतच ते म्हणाले, "चालू लिवा!"

मी कापड उचललं. आत ताटांवर आधारकार्डं, सातबारे, पुतणीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका.

"इस्माईलभाई, हे काय?"

"चालूच हाय की गड्या! कागदाला लागणारी उंदरं बंद हायती."

मला हसू आवरेना. मॅडमही हसल्या, दिवसभरात तेवढ्याच. मग ते गंभीर झाले. "मॅडम, मला ट्रक भरायचा असतो. ह्या पेटीत एक पोतं सुंठ करायला म्हैना जाईल. धाप्पट मोठी केली असती तर गावातल्या समद्यांनी मिळून वापरली असती. पन तसं इचारलं का कुणी? दरखेपी एकच इचारत्यात, चालू हाय का."

"तुम्ही सांगायचं होतं," मॅडम म्हणाल्या.

"इचारल्याबिगर सल्ला देणारा मी कोन? तुमी शिकलेली मानसं."

फॉर्मवर खूण झाली : चालू.

मुक्काम साताऱ्यात. स्टँडजवळची लॉज स्वच्छ आहेत, पण रस्त्याकडची खोली घेऊ नका. मंगळवारी सकाळी कण्हेर धरणाच्या बाजूनं मेढ्याकडं निघालो. हा रस्ता एकदा तरी करा. डावीउजवीकडं डोंगर जवळ येत जातात, शेतं पायऱ्यांसारखी होतात, ऊस संपतो आणि हवा बदलते. गावांत बाप्ये कमी दिसतात. बहुतेक घरांची एक खोली इथं आणि एक मुंबईत. मेढ्यात चहा घेतला आणि केळघरच्या दिशेनं वळलो.

सुनंदाताईंची टपरी घराला लागूनच, महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या थांबाव्यात अशा वळणावर. बरण्या रिकाम्या. पेटी मात्र बघून मला बरं वाटलं आणि वाईटही. दाराचा रंग उडालेला, मूठ घासून पांढरी पडलेली, ताटांच्या कडा आवळ्यानं काळ्या झालेल्या. मी बघितलेल्या तीन पेट्यांतली ही एकच पेटी कुणीतरी वापरली होती.

"आलासा!" त्या पळतच बाहेर आल्या. "आत्याबाई, मेस्त्री आलं वं!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पावसाळ्यानंतरच्या तीन फेऱ्यांत विद्यापीठाची माणसं फॉर्म घेऊन आली, आणि ही बाई समजत होती की हे दुरुस्तीवाले आहेत. पेटी बंद आहे असं सांगितलं की ती दुरुस्त करायला कुणीतरी येणार, हे तिला सरळ वाटलं होतं. तिन्ही वेळा तिनं खरं सांगितलं होतं. तिन्ही वेळा 'बंद'वर खूण झाली होती.

मी हत्यारांचा डबा उघडला, पंखा बदलला. वीस मिनिटांचं काम. आधीचा पंखा मीच बसवलेला, मुंग्यांनी त्याची तार खाल्ली होती. पॅनेल पुसलं, ऊन चांगलं होतं, पाती भिरभिरू लागली. सुनंदाताईंनी तोंडाशी तळहात धरला. गरम हवा लागली तशी हसल्या, घरात जाऊन सूपभर आवळे आणले आणि विळीवर चिरायलाच बसल्या.

"शिमग्याला गर्दी असती रस्त्याला. तवर चार बरन्या व्हतील. मालकास्नी सांगते, आता न्हाई येत म्हनून."

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. टेम्पो कशाला आणलाय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्या बाजूला जाऊन सरांना फोन लावू लागल्या. मी जवळच होतो.

"सर, पेटी चालू झालीये. काकांनी पंखा बसवला… हो, पूर्ण चालू. त्या रोज वापरतात, सर, ही एकच खरी… नाही, आधीच्या फेऱ्यांत बंद होती… पण आता…" मग नुसतं ऐकणं. मग, "हो सर."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "आधीच्या फेऱ्यांतली नोंद आता बदलता येत नाही. यादीत बंद आहे, म्हणजे परत न्यायची. आवारात पाहुण्यांना दाखवायला नमुना हवाच होता त्यांना. म्हणाले, चालू झाली ते उत्तम झालं, प्रदर्शनात पंखा फिरताना दिसेल."

मी पंखा बसवला नसता, तर पत्रात काहीही असलं तरी कदाचित तो गंजका सांगाडा त्यांनी तिथंच सोडला असता.

मी नाही म्हणू शकलो असतो. टेम्पो माझा, हात माझे. पण पुढच्या टप्प्यात चाळीस पेट्यांचं काम आहे, शेडमध्ये अकरा माणसं आहेत, आणि हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. सुनंदाताईंना मीच सांगितलं. तेवढं मॅडमवर ढकललं नाही.

त्या विळीवरून उठल्या नाहीत. सासू उंबऱ्यातून कडाडली, "म्या म्हनलं हुतं तुला! हाय म्हन, चालू हाय म्हन! समदी म्हनत्यात."

"बंद असताना चालू कसं म्हनू, आत्याबाई?"

"आता बग!"

ताई माझ्याकडं वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "दादा, चालू म्हनलं असतं तर ऱ्हायली असती?"

"राहिली असती."

"बंदच?"

"बंदच."

त्यांनी मान हलवली. उठून ताटांतल्या आवळ्याच्या फोडी सुपात परत काढल्या, ताटं धुऊन दिली, आणि पेटी उचलताना एक बाजू स्वतः धरली. मी म्हटलं, "ताई, मी तुम्हाला दुसरी करून देतो, माझी स्वतःची, हिचा विद्यापीठाशी संबंध नाही." त्या म्हणाल्या, "बगू." सासूनं मॅडमना ताक आणून दिलं. त्या अर्धा पेला प्यायल्या आणि रडायला लागल्या, तर सासूच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आगं, तुज्यावर न्हाई वरडले."

परतीला सातारा-कराडमध्ये कुठंच थांबलो नाही. त्या दिवसाच्या खाण्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी विद्यापीठाच्या हिरवळीवर ठेवून आलो. शेडमध्ये भंगारातली काच आणि उरलेले पत्रे होते, त्यातून नवी पेटी करायला घेतली. जरा मोठीच केली. पंखा चांगला घातला, तोंडाला मुंग्यांसाठी जाळी. मध्ये दुसरी कामं आली, तीन आठवडे गेले. शिमग्याच्या आधी पोचवायची म्हणून फोन केला. मागून हमालांचा ओरडा ऐकू येत होता.

"ताई, पेटी तयार आहे. रविवारी आणतो."

"कुटं आनता, दादा? मी हितं वाशीला हाय. मार्केटात मिरची निवडायला लागलेय."

"आणि घर?"

"कुलूप हाय. आत्याबाईंना बी आनलंय. धा बाय धाची खोली, वर ऊन न्हाई." मग मलाच समजावल्यासारखं, "तुमी मनाला लावून घ्यू नका. दुसऱ्या कुनाला द्या."

नवी पेटी शेडच्या मागं आहे. कुणाला द्यावी ते मला कळत नाही. देताना काय सांगू, बिघडली तर खरं बोलू नका म्हणून? परवा विद्यापीठाचा अहवाल टपालानं आला, आभाराच्या यादीत माझं नाव आहे. दिलेल्या पेट्यांपैकी जागेवर असलेल्या सगळ्या चालू आहेत असं त्यात छापलंय, आणि ते खोटं आहे असं सिद्ध करणारा एकही कागद जगात नाही. प्राजक्ता मॅडमचं कंत्राट वाढलं. पलूसच्या बायका उगीच घाबरल्या नव्हत्या.

तुम्ही मेढ्याकडून महाबळेश्वरला जाणार असाल, तर रस्ता चांगला आहे, सकाळी निघा. केळघरच्या अलीकडं एका वळणावर रिकामी टपरी दिसेल. तिथं थांबून उपयोग नाही. खायला जे हवं ते मेढ्यातूनच घेऊन जा.