दुर्बीण माझी, रांग भास्करदांची

अन्याय झाला तो भास्कर पगारे यांच्यावर. सातपूरच्या एका कारखान्यातले टर्नर, राहणार कामगार वसाहत. कधी झाला? गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वासहाला, जुन्या बसस्टँडसमोर. कोणी केला? आमच्या निसर्ग मंडळानं... असं लिहून मी सुटू शकलो असतो. पत्रकं लिहिणाऱ्याच्या हाताला 'मंडळानं', 'व्यवस्थेनं', 'प्रस्थापितांनी' ही सवयच असते. पण ज्या कागदानं तो झाला, त्यावरचं अक्षर माझं होतं. अन्याय मी केला, आणि जळफळाटातून केला.

पाच आठवड्यांपूर्वी सातपूरला एका फाटकावर पाळी सुटताना मी पत्रकं वाटत होतो. एकानं पत्रक घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं नि म्हणाला, "तुम्ही ते पक्षीवाले ना? पगारे गेला. कावीळ अंगावर काढली त्यानं. ठाऊक नाय का?" मला ठाऊक नव्हतं. उरलेली पत्रकं मी तशीच वाटत राहिलो.

तीन हिवाळ्यांपूर्वी भास्करदा पहिल्यांदा आमच्याबरोबर नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर आले, ते निळीत घातलेला, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. रविवार, शिवाय गंगापूर रोडच्या सुखवस्तू मंडळींबरोबर जायचं, म्हणून बहिणीनं, कुसुमताईनं, आदल्या दिवशी मुद्दाम धुऊन दिलेला. आम्ही काठावर पोचलो आणि बदकांचा अख्खा थवा पलीकडच्या काठाला निघून गेला. "दादा, लग्नाला आलात का?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं तेच. मग खाली बसून त्यांनी ओंजळभर गाळ घेतला, छातीपासून पोटापर्यंत सदऱ्याला फासला आणि विचारलं, "आता बसतील का परत?" तासाभरानं थवा परत आला. तेव्हापासून नवा माणूस दिसला की त्यांचं ठरलेलं: "पांढरं नको, रविवार असला तरी नको. मळखाऊ सदरा, आवाज न करणारे कॅनव्हासचे बूट. पेन नको, पेन्सिल. दोरीनं वहीला बांध, नाहीतर पाण्यात जाते. भाकरी फडक्यात बांध, कागद वाजतो." "आणि दुर्बीण?" "ती शेवटी. पाच जणांत एक पुरते."

ती एक माझी होती. मामानं दिलेली, जड, कातडी पट्ट्याची. मंडळात तेव्हा तशी दुसरी नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती गळ्यात आहे म्हणून लोक माझ्याशी बोलत, हे मला आवडायचं. एका सकाळी पाणकणसांच्या शेंड्यांना लागून काहीतरी तरंगत आलं. मी दुर्बीण फिरवतोय, चाक फिरवतोय, दिसतंय नुसतं धुरकट पाणी. भास्करदा मोकळ्या डोळ्यांनी बघत सावकाश बोलत होते : "तपकिरी आहे. डोकं फिकट, पिठात बुडवल्यासारखं. पंख वर धरलेत, नमस्कार करत निघाल्यासारखे. घार असं नाही उडत." दलदली भोवत्या होता तो, पाणथळीवरचा शिकारी पक्षी. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली तोवर तो गेला होता. "काय पत्रकवाले, काय दिसलं?" त्यांनी विचारलं. त्यांनी ते सहज विचारलं होतं. मला ते अजून सहज वाटत नाही.

त्या दिवशीच त्यांनी कारखान्यातली रीत काठावर आणली. टूलरूममध्ये मायक्रोमीटर हवा असेल तर कामगाराला आपला पितळी बिल्ला खिडकीत द्यावा लागतो, मगच हत्यार हातात पडतं. "इथंही तसंच," ते म्हणाले. "आधी नुसत्या डोळ्यांनी बघून सांगायचं, काय दिसतंय. तो आपला बिल्ला. मग दुर्बीण." माझी परवानगी त्यांनी घेतली होती, नाही म्हणता येणार नाही. पण पुढच्या रविवारपासून माणसं भास्करदांसमोर रांग लावू लागली. शिक्षक, कारकून, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या दोन सुना... "शेपटी खालीवर हलवतोय, दादा." "बरोबर. घे." माझी दुर्बीण हातोहात फिरायची, आणि मी माझ्याच पट्ट्याकडे बघत बाजूला उभा. पाणथळ वाचवा म्हणून मी लिहिलेली पत्रकं त्याच माणसांनी बसायला खाली घातलेली.

म्हणून मंडळानं रविवारी येणाऱ्यांसाठी साहित्याची यादी करायला सांगितली तेव्हा स्टेन्सिलवर मी पहिली ओळ कोरली : 'प्रत्येकाकडे स्वतःची दुर्बीण असणे आवश्यक.' कारण विचारलं तर शिस्तीचं सांगता आलं असतं. खरं कारण ती रांग मोडायची, हे होतं.

त्या रविवारी भास्करदा कुसुमताईला आणि गल्लीतल्या दोघांना घेऊन आले. "जयभीम, पत्रकवाले!" त्यांनी लांबूनच हात केला. चिटणिसांनी मंडळाच्या टेम्पोच्या दारात यादी वाचून दाखवली आणि म्हणाले, "दुर्बीण नाही त्याला टेम्पोत घेता येणार नाही. नियम आहे पगारे, माझा इलाज नाही." भास्करदांनी कागद हातात घेतला, खालपर्यंत वाचला. "हे अक्षर तुमचं ना?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. "चांगलं आहे," ते म्हणाले. कुसुमताई मात्र थांबली नाही. "चल रे दादा. ह्यांचे पक्षी दुर्बीण मोजून येत असतील. आपले एसटीनं येतील."

आणि ते एसटीनं आले. दोन तासांनी, समोरच्या बांधावर. मी त्या दिवशी एकही पक्षी पाहिला नाही; दुर्बिणीतून त्या चौघांना पाहत होतो. भास्करदा काहीतरी दाखवत होते, कुसुमताई हात पसरून पंखांचा आकार सांगत होती, मग चौघं हसले. त्यांच्याकडे काहीही नव्हतं, आणि मला त्यांचा हेवा वाटत होता... आजही वाटतो. त्यानंतर मी भास्करदांना पाहिलं नाही. माफी मागायला सातपूरला जाईन जाईन म्हणत राहिलो. फाटकापर्यंत गेलो, तो पत्रकं वाटायला.

मंडळाच्या शोकसभेत ठरलं, की तीच यादी आता छापून काढायची, 'कैलासवासी भास्कर पगारे यांच्या स्मरणार्थ'. जयभीम म्हणणाऱ्या माणसाला कैलासवासी! कुसुमताईला विचारायची तसदीही कोणी घेतली नाही. आणि पहिली ओळ तीच. मी उठून विरोध केला. चिटणीस हसून म्हणाले, "अहो, यादी तुमचीच की." मी खाली बसलो.

आता बोलतो. येत्या रविवारी सकाळी सहाला जुन्या बसस्टँडसमोर टेम्पो उभा असेल. तुमच्याकडे दुर्बीण नसेल तर नक्की या, दारात उभे राहा आणि कोणी काहीही वाचून दाखवलं तरी हटू नका. असेल, तर ती गळ्यातून काढा आणि स्वतःच्या डोळ्यांना लावण्याआधी शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात द्या.