अर्ध्या वावरातला शेवट

"हरली. चला, पात धरा."

एवढंच म्हणायची ती. आम्हा चौदा बायांना सकाळपासून एखाद्या पोरीच्या मागं पळवायचं, तिच्या बापाचा मार, तिच्या पायातले फोड, तिला हसणारं गाव, सगळं सांगायचं, आणि शेवटी खुरप्यावरची माती अंगठ्यानं काढत असं म्हणायचं. मला ती बाई कधीच आवडली नाही. आधीच सांगून ठेवते.

निंदणाची टोळी तुम्ही पाहिली असेल. सोयाबीनमध्ये बाया ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला जी पट्टी येते तिला पात म्हणतात. आपापली पात धरायची आणि तण काढत बसल्या बसल्या पुढं सरकायचं. आमची टोळी शेलूबाजारच्या आसपासच्या वावरांत फिरायची आणि तिची म्होरकी ती होती. काम गुत्त्यानं घ्यायची, म्हणजे वावर संपलं की सुट्टी. चारला संपो की अंधार पडो.

आदल्या दिवशी टीव्हीवर पाहिलेला सिनेमा ती दुसऱ्या दिवशी वावरात सांगायची. आणि सिनेमा फक्त खेळाचा. मारामारीचा तिला चालत नसे. "त्याच्यात कोण मरते ते पयलेच समजते," म्हणायची. सांगायची चांगली, हे मी नाकारत नाही. पळणारी पोर दमली की हिचा श्वास वर चढायचा. पंचानं शिटी मारली की ही खुरपं दगडावर आपटायची आणि आम्ही माना वर करायचो.

पण जिंकू कोणाला द्यायची नाही. कबड्डीवाली हरली. सायकलवाला शेवटच्या रेषेपासून दोन हातांवर येऊन पडला. एका पायाचा एक पोहणारा होता, त्याला तर तिनं बुडवलाच.

मी चौथी शिकलेली. सिनेमातलं मला फार कळत नाही. पण दिवसभर वाकून बसलेल्या बाईला एक माणूस जिंकलेला ऐकू आला तर कोणाचं काय जातं? हरलेली माणसं पाहायला सिनेमा कशाला पाहिजे? ती घरी आहेत.

एकदा तिनं सांगितलेला कबड्डीचा सिनेमा माझ्या नातीनं मोबाईलवर लावला. मी पूर्ण पाहिला. पोरगी चांगली जिंकली, लोकांनी खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "खोटं बोलतं तू. जिंकते ते. मी पाह्यलं."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तुमच्या मोबाईलात जिंकली असन. माह्या टीव्हीत हरली."

बाया हसल्या. मलाच हसल्या.

तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवली. आणि एक गोष्ट लक्षात आली. शिदोरी खाऊन झाली, हात जड झाले, अर्धं वावर समोर पडलेलं आहे, नेमकी तेव्हाच ती सिनेमातल्या पोरीला हरवायची. मग काय व्हायचं? बायांना राग यायचा. कोणी त्या पंचाला शिव्या देई, कोणी पोरीच्या बापाला. बोलता बोलता केन्याचं तण असं उपटायच्या, जणू त्या पंचाच्या शेंडीला धरलं आहे. वावर चारला मोकळं. आमचाच राग आमच्याकडून काढून घ्यायचा आणि त्यानं तण उपटवायचं. बैलाला पराणी टोचतात, हिनं सिनेमा टोचला.

मी तिला वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, एकटीला गाठून हे तोंडावर म्हटलं.

"एकडाव जिंकवलं होतं म्या," ती म्हणाली. "पयल्या वर्षी. तुमी बाया खुरपे ठेवून डोळे पुसत बसल्या. अर्ध वावर तसंच. मंग दिवे लागले तरी निंदून राह्यलो आपण. तवा शिव्या कोणं देल्या मले?"

"कोणं?"

"तूनं."

मला आठवत नव्हतं. पण दिल्या असतील.

आता माझ्या नातीचं सांगते, कारण खरं भांडण तिच्यावरून झालं. ती माझ्याजवळच राहते. बारावी झाली आणि पोलीस भरतीसाठी पळायला लागली. पहिल्या वेळी वाशीमला ग्राउंड दिलं, आठशे मीटरमध्ये मार्क कमी पडले आणि राहून गेली. मग माझ्यासोबत टोळीत आली. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळायची आणि दिवसभर वाकून निंदायची. पायाला गोळे यायचे. पुढची भरती निघाली तेव्हा तिला एक महिना नुसतं पळायला पाहिजे होतं.

मी म्होरकीला म्हटलं, "महिनाभर पोरीले सुट्टी दे. तिची जागा ठेव."

"पात रिकामी ठेवत नाई मी. गेली त दुसरी घेईन. तांड्यावरच्या बाया इचारून राह्यल्या."

"माही नात हाय ते."

"सगळ्या कोणाच्या न कोणाच्या नातीच हायेत."

तिचा तो नियमच होता. एक बाई बाळंत होऊन आली तर तिची जागा गेलेली. तेव्हाही मी बोलले होते, काही झालं नाही. आता नात महिनाभर गेली आणि भरतीत पुन्हा राहून गेली, तर हंगामाचं कामही जाणार होतं. पोरगी ते समजून होती. मला म्हणाली, "राहू दे आजी. एकडाव पळून पाह्यलं ना."

राहू दे म्हणण्याचं तिचं वय नव्हतं. त्या दिवसापासून पहाटे उठणं तिनं बंद केलं.

चार-पाच दिवस गेले. म्होरकी एका पळणाऱ्या पोरीचा सिनेमा सांगत होती. ही पोरगी एकदा हरली होती, गाव हसत होतं. शिदोऱ्या झाल्या होत्या. अर्धं वावर समोर. आम्हाला पुढचं माहीत होतं. एवढ्यात माझ्या नातीनं मान खाली ठेवूनच विचारलं, "मावशी, ते पुन्हा पळते काय?"

म्होरकीचं खुरपं थांबलं. तिनं उरलेल्या वावराकडं पाहिलं. मग नातीकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं, जसं काही मीच हे शिकवून पाठवलं.

"पळते," ती म्हणाली.

"अन् मंग?"

"जिंकते."

एकीनं खुरपं खाली ठेवलं. पुढं काय सांगावं ते म्होरकीला सुचेना, कारण जिंकवायची सवय नव्हती. म्हणाली, गळ्यात हार घातला. कोणं घातला, असं कोणीतरी विचारलं. म्हणाली, "घातला कोणंतरी." बापानं काय म्हटलं? "काय म्हनन? घरी चाल म्हने." इतका वाईट सांगितलेला शेवट मी दुसरा ऐकला नाही. तरी दोघी-तिघी पदर डोळ्याला लावून बसल्या आणि एक जण आपल्या शाळेतल्या लंगडीच्या गोष्टी सांगायला लागली. हात जे थांबले ते थांबलेच. वावर दिवेलागणीला संपलं. घरी जाताना सगळ्यांनी तिला शिव्या दिल्या. मीही दिल्या.

दुसऱ्या दिवशी नात टोळीत आली नाही. पहाटे उठून पळायला गेली होती.

मी वाट पाहत होते, आता तांड्यावरची कोणती बाई येते. कोणी आली नाही. म्होरकी दोन पातींच्या मध्ये बसली आणि दोन्ही धरल्या. एकीनं विचारलं तर म्हणाली, "मले एका पातीनं हात आखडते." महिनाभर असं चाललं. साठीची बाई, दोन बायांचं निंदण. सिनेमा सांगायला दम राहत नसे. नातीच्या पातीत तिच्या हातून तण राहायचं, लव्हाळा तर वरवर खुडलेला. मी शेजारच्या पातीत असायचे. मालक येऊन बोलला असता म्हणून राहिलेलं मी काढत जायचे. ती पाहायची. ज्या बाईशी पटत नाही तिच्यामागं तण काढत फिरणं काय असतं, ते मला विचारा.

तुम्हाला वाटत असेल, आता नात जिंकली. नाही जिंकली. गोळा चांगला फेकला, पळण्यात पुन्हा थोडे मार्क कमी पडले. यादीत नाव नव्हतं.

मी तशीच म्होरकीच्या घरी गेले. ती सूप घेऊन तूर पाखडत होती. मी म्हटलं, "जिंकते म्हणून सांगतलं तूनं पोरीले. पाह्य आता."

"सिनेमातली पोरगी जिंकली म्हटलं म्या. तुह्या नातीचं कवा म्हटलं?"

"मंग जिंकवली काहून? बारा वर्सं कोणाले जिंकवलं नाई."

सूप थांबवून ती म्हणाली, "तिनं इचारलं म्हणून."

आणि पुन्हा पाखडायला लागली. बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

सकाळी नात टोळीत आली तेव्हा तिची पात तिथंच होती. त्या दिवशी सिनेमा झाला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी म्होरकीनं एक हॉकीवाला हरवला आणि वावर चारला मोकळं झालं.

पौषात ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. मी जाऊन बसले, बाया रडल्या, मला रडू आलं नाही. सिनेमात शेवटी जिंकायला पाहिजे, हे मी आजही म्हणते. ती असती तर आजही भांडले असते.

या हंगामात पुन्हा भरती निघाली आहे. नात दोन वेळ पळते, टोळीत येत नाही. नवी म्होरकी तरणी आहे, तिनं मला विचारलं, पात दुसरीला देऊ काय? मी नको म्हटलं, दोन्ही मीच धरते. दोन पाती धरणं माझ्या वयाला होत नाही, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. बाया म्हणतात, बुढी पयल्या म्होरकीसारखं करून राह्यली. म्हणू दे. माझी तर नात आहे. तिची कोण होती?