उभं वल्हं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी "काका, तुम्ही भोळे दिसता" असं लिहायला नको. आमच्या घरात देवाला आणि भुताला सारखीच बंदी. वडिलांनी पाढ्यांच्या आधी बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतलेल्या. त्यात मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट. प्रोफेसर नाही हं... प्रोफेसर प्रयोग शिकवतात, तो का येत नाहीये ते मी टेबलाखाली वाकून शोधतो. त्यामुळे "याला काहीतरी कारण असणारच" हे वाक्य माझ्या तोंडात कायम. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचायचो, लोणच्यासारखे. आणि आज स्वतःच लिहायला बसलोय. बायको आतून विचारतेय, "एवढं काय टाइप करताय?" तिला सांगितलेलं नाही.

तर कॅमेरा. लेकीला पुण्यात नोकरी लागली आणि तिने मला कॅमेरा घेऊन दिला. पन्नाशी उलटलेली, पोट पट्ट्याबाहेर आलेलं, आणि मी अचानक फोटोग्राफर! गल्लीतली कुत्री झाली, बाल्कनीतली कबुतरं झाली, दुपारी झोपलेली बायको झाली... त्या शेवटच्या विषयावर लगेच बंदी आली. मग कळलं की डॉक्युमेंटरी नावाचा एक प्रकार असतो. त्यात माणसं आपापल्या कामात असतात, कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, आणि फोटो थोडा हलला तरी लोक त्याला जिवंतपणा म्हणतात. हे मला फारच सोयीचं वाटलं. विषय ठरवला — मासेमारीचं बंदर.

"बीड जिल्ह्यात बंदर?" बायको कणीक मळता मळता थांबली. "आणि समुद्र कुठून आणणार? लॅबमधून?"

समुद्राची गरज नव्हती. माजलगाव धरणाच्या पाण्याला एका ठिकाणी दगडगोट्यांचा उतार आहे. सकाळी तिथे तराफे लागतात, कटला-रोहूची टोपली उतरतात, व्यापाऱ्याची पिकअप येते, बर्फ फुटतो, लिलावाचा आरडाओरडा होतो, टपरीवर चहा उकळत असतो. बंदराला आणखी काय लागतं? शिवाय तिथे माझा माणूस होता, ज्ञानोबा. माजलगावच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो. बारावीला तो गणितात अडकला आणि वडिलांच्या जाळ्यांकडे परत गेला. मी कसाबसा सुटलो. फोन केला तर म्हणाला, "ये की बे. पण आमचे फोटू काढून करणार काय? आमच्यापरीस मासे देखणे हायेत."

त्या हिवाळ्यात मी रविवार गाठून जायला लागलो. आधी नावा असतील असं वाटलं होतं. पण तिथे बहुतेकांकडे तराफेच. थर्माकोलचे जाड तुकडे, त्यांना बांबूचा आधार, वरून पोत्याचं कापड गुंडाळलेलं. त्यावर माणूस गुडघे मोडून बसतो आणि एका वल्ह्यानं लांब पाण्यात निघून जातो. मी मात्र काठ सोडायचो नाही.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. ज्ञानोबा काठाजवळ तराफ्यावर होता. म्हटलं, "जरा उभा राहा आणि वल्हं भाल्यासारखं सरळ वर धर, मस्त फ्रेम येईल."

ज्ञानोबानं नाही म्हणून मान हलवली. पण काठावर मासे निवडत बसलेली त्याची बायको, मंदावहिनी, ताडकन म्हणाली, "भाऊजी, ते सोडून काय बी सांगा!"

मग कळलं. वाऱ्यात आवाज काठापर्यंत पोचत नाही. म्हणून पाण्यात माणूस अडचणीत आला की तो वल्हं उभं धरतो. ज्याला ते दिसेल त्यानं हातातलं काम टाकून जायचं. जाळं भरलेलं असो, नाहीतर उभं करणाऱ्याशी वर्षानुवर्षं बोलणं बंद असो. म्हणून काठावरसुद्धा कुणी वल्हं उभं टेकवत नाही, आडवंच ठेवतात.

"अच्छा, म्हणजे सिग्नल सिस्टिम," मी म्हणालो.

"हां, तेच ते," ज्ञानोबा म्हणाला. "इंग्रजीत सांगितलं की तुला पटतंय."

आता त्या दिवसाचं सांगतो.

थंडी होती आणि पाण्यावर धुकं. मी पोचलो तेव्हा बाकीचे परतले होते, लिलाव चालू होता. ज्ञानोबाचा पत्ता नव्हता. वहिनी म्हणाली, "शाळेवर गेलेत. येतीलच." शाळेवर म्हणजे पाण्यातच. जुनं गाव धरणात गेलं, पण मासेमारांनी पाण्याला त्याचीच नावं ठेवलीत. शाळेवर, गिरणीवर, पारावर. शाळा उताराच्या अगदी समोर येते. डाव्या हाताला एक टेकाड पाण्यात घुसलंय. त्याच्या पलीकडे वाळक्या बाभळी, अर्ध्या पाण्यात. तिथे कुणी जाळं टाकत नाही, फांद्यांत अडकून फाटतं. आणि हे नीट लक्षात ठेवा — उतारावरून त्या बाभळी दिसत नाहीत. टेकाड आड येतं.

मी नेहमीप्रमाणे दिसेल ते टिपलं. वहिनीचे हात, बर्फ फोडणारा, समोरचं धुकं. मग टपरीवर चहा घेऊन डिलीट करायला बसलो. माझ्या फोटोग्राफीत हे मुख्य काम. एकेक उडवत चाललो होतो... आणि एका फोटोवर बोट थांबलं.

राखाडी पाणी. दोन-तीन वाळकी झाडं. त्यांच्याजवळ तराफा, तराफ्यावर उभा माणूस, उजेड पाठीमागून असल्यामुळे नुसता काळा आकार. आणि त्याच्या हातात वल्हं, सरळ उभं.

खरं सांगू? मला आनंद झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझा फोटो हलला नव्हता! चहाचा ग्लास हातात घेऊनच मी वहिनीकडे गेलो. ती व्यापाऱ्याशी भावावरून भांडत होती. मध्येच कॅमेरा पुढे केला. "वहिनी, बघा तुमचा हिरो! मला म्हणे उभं वल्हं चालत नाही, आणि आज स्वतःच उभं—"

वहिनीनं खवल्यांच्या हातानं कॅमेरा ओढून घेतला. "हे कुठून काढलं?"

"इथूनच. मी कुठे गेलोय?"

"हितून बाभळी दिसतात व्हय?"

मी डावीकडे बघितलं. टेकाड.

ती उठली आणि ओरडली, "बाभळीवर वल्हं उभं हाय!"

पुढचं मी कधी विसरणार नाही. कुणी विचारलं नाही, कुणाला दिसलं, कसं दिसलं. लिलाव बोलीच्या मध्येच तुटला. ज्ञानोबाचा भाऊ विठ्ठल आणि आणखी एक जण तराफे ओढत पाण्यात शिरले. वहिनीशी आत्ताच भांडणारा तो व्यापारी चपलेसकट गुडघाभर पाण्यात जाऊन मागून ढकलत होता. दोन्ही तराफे टेकाडाला वळसा घालून दिसेनासे झाले.

मग नुसतं थांबणं. वहिनी पाण्याच्या कडेला उभी. म्हणाली, "भाऊजी, मोठा करून बघा. त्यांचंच हाय का?"

मी फोटो मोठा केला. माणसाच्या जागी काळे चौकोन झाले. आणखी मोठा केला, आणखी मोठे चौकोन. "धुकं आहे," एवढंच बोललो.

बऱ्याच वेळानं विठ्ठलचा तराफा टेकाडामागून आला. त्यावर ज्ञानोबा आडवा. ओठ निळे, डावा हात भलत्याच कोनात. पण वहिनीला बघून म्हणाला, "रडू नगंस, जाळं फाटलंय लई." तेव्हा ती रडली.

झालं होतं असं. शाळेवर काही लागेना म्हणून तो बाभळीकडे गेला. जाळं फांदीत अडकलं, ओढायला गेला तर तराफा उलटला, खांदा निखळला, पायाला जाळ्याचा वेढा बसला. दवाखान्यात खांदा बसवून बांधल्यावर मी त्याच्या खाटेवर बसलो.

"वल्हं उभं केलंस म्हणून वाचलास," मी म्हणालो.

त्यानं बांधलेल्या खांद्याकडे हनुवटी केली. "कशानं उभं करू बे? दातानं? वल्हं तर सगळ्यात आधीच वाहून गेलतं. मी गळ्याइतक्या पाण्यात एका हातानं तराफ्याला लोंबकळत होतो. उभा ऱ्हायलोच न्हाई."

घरी येऊन मी कामाला लागलो. याला काहीतरी कारण असणारच ना. त्या फोटोच्या आधीचा फोटो वहिनीच्या हातांचा, नंतरचा बर्फाचा. मधला हा. त्याच सकाळचा, त्याच कॅमेऱ्याचा. लेकीला पाठवला. ती म्हणाली, "पप्पा, फोटोत काही केलेलं दिसत नाही. आणि तुम्हाला ते जमणारही नाही." आमच्या प्रोफेसरांनी चष्मा वर करून सांगितलं, थंड पाण्यावरच्या हवेत प्रकाश वाकतो, लांबची वस्तू वर उचललेली दिसते. मला हायसं वाटलं. मग विचारलं, "सर, पण पाण्यात लोंबकळणारा माणूस उभा दिसेल का? आणि नसलेलं वल्हं?" त्यांनी चष्मा खाली केला.

वहिनीनं फोटोची प्रिंट मागितली. पंचाईत! ती त्याला हळदकुंकू लावणार आणि माझे वडील तसबिरीतून माझ्याकडे बघणार. तरी नेली. ज्ञानोबानं तोवर फोटो पाहिला नव्हता. गळ्यात हात बांधलेला, ओट्यावर बसलेला. प्रिंट मांडीवर ठेवून बघितली.

"हा मी न्हाई," तो म्हणाला.

"नाहीच. तेच तर म्हणतोय मी."

"मग ह्याला आणायला कोण गेलतं?"

वहिनी कुंकवाची डबी घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

"अरे, तो फोटो आहे," मी म्हणालो.

"फोटू असू दे. वल्हं उभं हाय न्हवं? मला आणलं तुमी. ह्याला कावून न्हाई आणलं?"

मी प्रिंट उलटी करून मागची बाजूही बघितली. प्रकाश, धुकं, कॅमेरा, माझे डोळे, सगळं तपासून झालं. तुमच्यापैकी कुणाला कारण सापडलं तर जरूर लिहा, मी वही-पेन घेऊन बसलोय. पण त्यात ज्ञानोबाच्या प्रश्नाचंही उत्तर असू द्या.

खांदा बरा झाल्यावर तो परत पाण्यात जायला लागला. जाळं टाकायच्या आधी टेकाडाला वळसा घालून बाभळींपाशी जातो, थांबतो, हाक मारतो, मग कामाला लागतो. बाकीचे हसत नाहीत. एका रविवारी मीही बसलो त्याच्या मागे तराफ्यावर, दोन्ही हातांनी पोतं गच्च धरून, डोळे अर्धे मिटून. कॅमेरा काठावर ठेवला होता. ऊन स्वच्छ होतं. वाळक्या फांद्यांवर पाणकावळे बसलेले. ज्ञानोबानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि ओरडला, "कोण हाय का रं?"

पाणी खोडाला लागून चपचप करत राहिलं. आम्ही थांबलो. कुणी आलं नाही, काही दिसलं नाही.

"चल," तो म्हणाला आणि वल्हं उचललं.

"थांब जरा," मी म्हणालो. यात तर्क नाही, हे मला मान्य आहे. पण दुसरी हाक मी मारली.